प्रबंधाची शेवटची पानं

आता काय सांगू तुम्हाला, पीएचडी झालेला माणूस किती मूर्ख असू शकतो हे सिद्ध करायला मला वेगळा प्रबंध लिहावा लागला नाही. त्याच प्रबंधात भागलं!

विषय होता आमच्या मांजरी गावच्या ऊसशेतीतले शब्द. बेणं, पाचट, खोडवा, निडवा, असे शेकडो. सांगणारे आमचे दादा, म्हणजे माझे वडील. शिवारात इमारती उठत होत्या, आयटीवाले राहायला येत होते, आणि दादा बांधावर बसून मला शब्द सांगत होते. ऊस गेला तर गेला, शब्द तरी कागदावर ऱ्हाऊ दे, म्हणायचे. मला त्यांचा केवढा अभिमान! आणि स्वतःचा त्याहून थोडा जास्त. कारण शहरात कर्वेनगरला राहायला आल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि अख्खा प्रबंध स्वतः टाइप केला होता.

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी विद्यापीठाचे नियम वाचले. इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं, फॉन्ट टाइम्स न्यू रोमन. आता नियम म्हणजे नियम, नाही का? दादा मुद्दाम मांजरीहून आले होते. त्यांना शेजारी बसवून मी ऐटीत सगळा प्रबंध सिलेक्ट केला, फॉन्ट बदलला आणि हुशारी अशी की लगेच सेव्हही केला.

पडद्यावर मराठी औषधालाही उरलं नाही. जिकडेतिकडे टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि शेपट्या फुटलेले सी.

"आपलं शब्द कुठं गेलं?" दादांनी हळूच विचारलं.

इतक्या वर्षांचं त्यांचं बोलणं त्यात होतं. मी ठणकावून सांगितलं, व्हायरस आहे. प्लग उपटला, मुलीला त्या खोलीत जायची बंदी केली. दादांनी विचारलं, साथीचा हाय का, आणि उत्तराची वाट न बघता साबणाने हात धुऊन आले.

मग बायकोला फोन केला. ती सॉफ्टवेअर कंपनीत. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, व्हायरस तुम्हीच आहात," ती म्हणाली.

मग तिने समजावलं. आपली अक्षरं त्या मराठी फॉन्टमध्येच मराठी दिसतात. फॉन्ट काढला की असा कचरा दिसतो, परत लावला की सगळं जागेवर. पण तुम्ही कशाला हात लावू नका, मी संध्याकाळी आल्यावर बघते, असं तिने दोनदा बजावलं.

संध्याकाळपर्यंत थांबेल तो मी कसला? प्लग लावला, पुन्हा सगळा प्रबंध सिलेक्ट केला, मराठी फॉन्ट लावला, आणि काय सांगू, शब्द परत आले! दादांनी पडद्यावर बोट ठेवून 'खोडवा', म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, वाचला आणि डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मीही पुसले. बायको घरी यायच्या आत प्रिंट काढून प्रबंध बाइंडिंगला गेलासुद्धा. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं!

तोंडी परीक्षेला कुणालाही येऊन बसता येतं. दादा पांढरीशुभ्र टोपी घालून पहिल्या रांगेत, शेजारी बायको. बाहेरगावहून आलेले परीक्षक प्रबंधाचं कौतुक करत होते आणि मी खुर्चीत फुगत होतो. दादांच्या शब्दांची सूची तर अप्रतिम, म्हणाले. मग त्यांनी पान उलटलं आणि चष्मा वर केला.

"फक्त सूचीनंतरची ही पानं कोणत्या बोलीतली, ते कळलं नाही."

मी वाकून पाहिलं. ती माझ्या इंग्रजी संदर्भग्रंथांची यादी होती. सगळा प्रबंध सिलेक्ट केला त्यात तीही आली, आणि मराठी फॉन्टमध्ये शिरून तिचं असं काही झालं होतं की ते उच्चारायला जीभ दुसरी लागली असती. बायकोने कपाळाला हात लावला. मी तोंड उघडणार, तोच दादा उठून उभे राहिले.

"सायब," ते म्हणाले, "मागल्या पानापत्तुर समदं माझं हाय. हितनं फुडं जे काय हाय, ते पोराचं."