अक्षतांपर्यंतचा इतिहास

युरोपातलं संगीत शतकाशतकाने कसं बदलत गेलं हे अख्ख्या खानदेशात फक्त आमच्या बँडमास्तरांना ठाऊक होतं, आणि ते ऐकून घ्यायला अख्ख्या खानदेशात कोणी तयार नव्हतं. माझी गोष्ट वेगळी. आठवीत शाळा सोडून घरी बसलो होतो, तेव्हा अमळनेरच्या त्यांच्या लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी माझ्या हातात झांजा दिल्या. मला ऐकणं भागच होतं. आज इथे मस्कतला एका हॉटेलात खुर्च्या मांडतो तेही त्यांच्यामुळेच. आपली वेळ येईपर्यंत गप उभं राहणं एवढी एकच विद्या मला येते, ती त्यांची.

हे वेड त्यांना भुसावळहून लागलं. रेल्वे कॉलनीतला एक म्हातारा गार्ड परदेशी मुलाकडे कायमचा निघाला होता. मास्तर त्याच्याकडे जुना पितळी कॉर्नेट फुंकून बघायला गेले, तर त्याने वर रेकॉर्डांची एक पेटीच दिली. एकेका रेकॉर्डवर एकेक काळ. आधी चर्चमधलं जुनं गाणं, मग बरोक, मग क्लासिकल, मग रोमँटिक, आणि सगळ्यात वर आपलं विसावं शतक. गार्डाने एकेक लावून समजावलं, पण एसटीची वेळ झाली म्हणून शेवटची ऐकायची राहिली. परतताना गाडीत एका बाईने केळीचा अख्खा घड पेटीवर ठेवला. वरची तेवढी फुटली. मास्तर त्या बाईला कधी दोष देत नसत. म्हणत, "तिले काय माहीत, खाली विसावं शतक शे!"

तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. एका वरातीत, पहिल्या काळापासून शेवटच्यापर्यंत, सगळा इतिहास ओळीने वाजवायचा. शेवटच्या काळात काय वाजवायचं हे माहीत नव्हतं, पण तिथवर कोण पोहोचतंय! नवरदेव दारातून निघाला की ते क्लॅरिनेटवर चर्चचा एकच लांब सूर लावत आणि ओट्यावरच्या बाया एकमेकींना विचारत, "कोन मरनं वं माय?" चौकात बरोक. बरोक म्हणजे एकाने काढलेली ओळ दुसऱ्याने मागून धरायची, तिसऱ्याने त्याच्या मागून. आमच्यात जो तो पुढच्याला गाठायला धावायचा, आणि घोडं बिचकून नवरदेवासकट भलत्याच गल्लीत शिरायचं. मग नवरदेवाचा मामा हात जोडून आडवा येई.

"मास्तर, नाचानं काही वाजाडा ना! पोरं उभी शेतस."

"थांब रे भाऊ, आत्ते सतरावं शतक चालू शे."

"लगीन तरी याच शतकमा लागू द्या!"

आणि मास्तर हताशपणे सिनेमाचं गाणं धरत. पण त्यांना खरी चीड होती ती अक्षतांच्या वेळची. भटजींचं शेवटचं 'सावधान' झालं की बँडने एकदम वाजायचं असतं. सूर नाही, ताल नाही, ज्याच्या हातात जे असेल ते जीव खाऊन. मी तर त्याच क्षणासाठी सगळी वरात उभा असे. मास्तर मात्र क्लॅरिनेट काखेत मारून दोन्ही कान दाबत. "इतकी शतकं माणूस शिकला, आणि शेवटी हे!"

इतिहास एकदाच जमला. बोदवडकडच्या एका केळीवाल्यांच्या घरात थोड्याच दिवसांपूर्वी गमी झाली होती. नवरदेवाचे आबा म्हणाले, "नाचगाणं नको मास्तर. तुम्हाला बरं वाटेल ते वाजवा." असं त्यांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. चर्चच्या सुराला बाया गप्प राहिल्या. बरोकमध्ये कोणी कोणाला तुडवलं नाही. शाळेपाशी क्लासिकल झालं, मांडवाच्या दारात रोमँटिक, तेही असं रडवं की नवरीची आई उठून आत गेली. मग क्लॅरिनेट खाली आला. पुढचं नव्हतंच. आत मंगलाष्टकं सुरू झाली. मास्तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाऊ, इथून पुढे काय वाजवत असतील रे ते लोक?" तेवढ्यात 'सावधान' झालं, आम्ही तुटून पडलो, आणि मास्तर कान दाबून मांडवामागे निघून गेले.

त्यानंतर त्यांनी इतिहासाचं नाव काढलं नाही. लोक कर्णे आणि जनरेटरची गाडी आणू लागले, बँड मोडला, आणि मी भीत भीत विमानात बसलो.

मागच्या महिन्यात इथल्या हॉलमध्ये एक परदेशी वाद्यवृंद आला. मी खुर्च्या मांडून भिंतीशी उभा होतो. बरोक ओळखलं, रोमँटिक ओळखलं, जीव सुखावला. मग शेवटी ते सगळे एकदम सुटले. सूर नाही, ताल नाही, ज्याच्या हातात जे असेल ते. झांजा धरल्यासारखे माझे हात आपोआप वर गेले. सोबतच्या गोव्याच्या वेटरला विचारलं, हे काय आहे?

"याच शतकातलं," तो म्हणाला. "सोड, आम्हांलाही नाही आवडत."

म्हणजे मास्तर दर लग्नात विसाव्या शतकापर्यंत पोहोचत होते.

धावत बूथवर गेलो, अमळनेरला बँडच्या जुन्या जागेशेजारच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "मास्तर धुळ्याला लेकीकडे गेले. आणि फोनवर काय बोलशील भाऊ? कान गेले त्यांचे. ढोलाजवळ उभं राहून राहून गेले."

सुट्टी अजून लांब आहे. मिळेल का, तोवर ते असतील का, या धास्तीने रोज दिवस मोजतो. मिळाली तर तडक धुळ्याला जाईन. बोलणार काहीच नाही. मूठभर तांदूळ कुंकवात भिजवून नेईन आणि समोर उभा राहून त्यांच्या डोक्यावर टाकीन. जुन्या सवयीने ते कान दाबतील. तेव्हा त्यांचे हात धरून मी हळूच खाली घेईन.