आईला चढता येईल अशी जीप
पत्रा कापल्याचा जळका वास आला की पडघ्याचं ते गॅरेज आठवतं. गावच्या चिखलवाटेसाठी भावाला जीपला मोठे टायर हवे होते, पण गाडी फारशी उंच करायची नव्हती, कारण आईचे गुडघे गेले होते. मेकॅनिक मडगार्डच्या कडेला खडू फासायचा, भावाला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावायचा आणि टायर घासून त्यावर पांढरं उमटलं की तेवढा पत्रा कापायचा. त्या कर्कश आवाजात दुपारभर बसून अंग आंबून गेलं. शेवटी टायरवर खडू उमटेनासा झाला, भाऊ खूश झाला. बाकड्यावर अवघडलेली आई उठली, जीपमध्ये चढायला तिनं दोनदा पाय उचलून बघितला आणि ती मागे सरली. नुसत्या टायरांनीच गाडी उंच झाली होती. “न्हाय जमत. र्‍हाऊ दे, मी यष्टीनंच जाईन,” ती म्हणाली. परवा, इतक्या वर्षांनी त्याच जीपमध्ये चढताना गुडघा दुखून माझाही पाय अर्ध्यात थांबला. त्या वाटेची यष्टी मात्र केव्हाच बंद झालीय.