निळ्या गाडीचा हँडब्रेक

शुब्रा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा नाही, हा रिवाज. गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि घरी जाऊन जेवायचं. मग गल्लीतल्या गाड्या लावून देणारा बखीत ती पुढे ढकलणार, मागे ढकलणार आणि दहा गाड्यांच्या जागेत पंधरा बसवणार. पंचवीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलं नाही. अक्षर येत नव्हतं, पण गल्लीतली प्रत्येक गाडी तो तळहातानं ओळखायचा.

माझं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी, म्हणून सगळे मला उस्ता, म्हणजे मिस्त्री, म्हणायचे. आता नातवंडं झाल्यावर कबूल करायला काय जातंय, मी त्याच्यावर जळायचो. कारण शाळेत शिकवणाऱ्या इन्साफ अब्ला; अब्ला म्हणजे आमच्याकडे बाई. त्यांनी माझ्याशी लग्न करावं असं माझ्या फार मनात, आणि त्यांच्या तोंडी सदा बखीत. बखीतनं गाडी सावलीत लावली, बखीतनं काच पुसली. मी कार्बोरेटर साफ करून दिला, त्याचं नाव नाही.

एकदा अम्मानहून अब्लांचा भाऊ आला. तिकडे सगळे चढउतार. त्यानं सवयीनं अब्लांच्या निळ्या गाडीचा हँडब्रेक खेचला आणि वर जाऊन झोपला. वर्षानुवर्षं न ओढलेली केबल नळीत गंजलेली. ओढली गेली, पण सुटेना. गाडी गल्लीत मधोमध, मागे पावाची गाडी अडकलेली, खिडक्याखिडक्यांत बायका. मला बोलावणं आलं. मनात म्हटलं, फिक्री, आज तुझा दिवस.

मी मागचं डावं चाक उतरवायला घेतलं. बखीतनं डिकीला हात लावून गाडी दोनदा हलवून पाहिली.

"उस्ता, डावं मोकळं आहे. उजवं धरलंय."

"तू गाड्या ढकल. मला शिकवू नकोस."

"बरं बाबा. बस तिथंच, सावली तरी आहे."

बायका खुदखुदल्या. मी इरेला पेटून तासभर डाव्या चाकाशी झटलो. ड्रम उघडला, पुसला. आत सगळं लोण्यासारखं फिरत होतं.

"झालं असेल चकचकीत, तर इकडे येतोस?" बखीत म्हणाला.

मी उजवीकडे गेलो. केबल सोडवली, नळीत तेल ओतलं, पक्कडीनं मागेपुढे ओढत राहिलो. लाल गंज वाहून आला आणि केबल सुटली. अब्ला चहा घेऊन खाली आल्या. पहिला पेला बखीतला.

"बखीतनं कसं अचूक ओळखलं, नाही उस्ता?"

मी पक्कड पुसून ठेवली. गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "अब्ला, केबल पुन्हा गंजायला नको असेल तर यापुढे रोज ब्रेक ओढत जा. न चुकता."

सल्ला खरा होता, नियत खोटी. ब्रेक ओढलेली गाडी बखीत ढकलणार कशी?

दुसऱ्या दिवशी बघतो तर अब्लांच्या गाडीची किल्ली बखीतच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली.

"तूच म्हणालास ना ब्रेक ओढा? मग तो सोडायला किल्ली माझ्याकडे नको?"

संध्याकाळी ती परत द्यायला तो तीन जिने चढायचा. आधी दारातून अब्लांच्या आईच्या हातात. मग दारातच चहा. मग आत बसून अक्षरं गिरवणं, आई शेजारी लसूण सोलत. वर्षभरात दोघांचं लग्न ठरलं.

वरातीची गाडी तीच निळी, आणि चालवायला मी. दारात थांबून ब्रेक ओढला, पुन्हा सोडला. एका बोटानं सुटत होता. काम चोख झालं होतं, त्याचंच वाईट वाटलं.