पट्टीतल्या पायाची ऊब

बडोद्यात गोत्रीच्या आमच्या सोसायटीत राजेश्वरीताई घोरपडे तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या खाली, दुसऱ्यावर. आधी मला त्यांचा आवाज माहीत झाला, चेहरा नंतर. जिना उतरता उतरता त्या फोनवर कुणाला तरी दटावत होत्या, "खांबाला वळसा घेताना मान आधी फिरव, पाय मागून आपोआप येतात!" मला वाटलं, नाच शिकवत असतील. मग कळलं, खो-खो.

सयाजीगंजातल्या एका कॉलेजच्या मैदानावर त्या कित्येक वर्षं मुलींना खो-खो शिकवतात. त्यांचे पूर्वज बडोदा संस्थानच्या पागेत स्वार होते. "घोडे गेले, पळणं तेवढं आमच्या वाट्याला राहिलं," असं त्या हसत सांगतात. त्यांचे यजमान हिंमतराव यांचं दांडिया बाजारात गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचं दुकान आहे. माणूस कमी बोलतो, पण बायकोच्या संघाची एकही मॅच चुकवत नाही.

ताईंना गर्भाशयाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले आणि त्या बऱ्याही झाल्या. पेढे वाटले. पुढच्या वर्षी डावा पाय सुजायला लागला. आधी बुटाची नाडी सैल करावी लागली, मग बूटच चढेना. डॉक्टरांनी समजावलं, की ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी काढल्यामुळे पायात झिरपणाऱ्या पाण्याला वर जायला पुरेशी वाट उरलेली नाही. याला लिम्फेडेमा म्हणतात. पूर्ण जात नाही, पण काबूत राहतो. त्यासाठी दिवसभर मांडीपर्यंत घट्ट दाबाचा मोजा घालायचा आणि झोपताना तो काढून, कापसाची गादी लावून, पायाला पट्ट्या गुंडाळायच्या.

मैदानावर ताईंनी कुणाला सांगितलं नाही. ट्रॅक पँटच्या आत मोजा झाकला जायचा. "मुलींनी माझ्याकडे बघून पळायला शिकायचं," त्या मला म्हणाल्या, "आणि मी असा पाय दाखवू?"

उन्हाळा घामात काढला. खरी परीक्षा पहिल्या थंडीत झाली. बडोद्याची थंडी ती काय, असं बाहेरचे म्हणतात. पण पौषात आमच्या फरशा बर्फ होतात आणि घरं सगळी वारा खेळावा म्हणून बांधलेली. ताईंना पाय उशीवर उंच ठेवून झोपावं लागे. त्यामुळे रजई तंबूसारखी उभी राहायची आणि दोन्ही बाजूंनी गार हवा आत शिरायची. रजई खाली ओढावी तर तिचा भार बोटांवर यायचा. पट्टीतून बाहेर राहिलेली बोटं गारठून जायची. वरून साधा मोजा घातला, तर त्याच्या इलास्टिकचा वळ उठायचा. त्यात पट्ट्या धुतल्या की सावलीत नीट वाळत नसत, आणि किंचितशी दमट पट्टी बांधली तरी पाय ओल्या मातीत ठेवल्यासारखा वाटे.

हिंमतरावांना बघवेना. एका संध्याकाळी त्यांनी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि ताईंच्या पावलाशी ठेवलं.

"बरं वाटतंय?"

"खूप," ताई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

सुजेमुळे आणि पट्ट्यांमुळे त्या पायाला चटका कळलाच नाही. सकाळी पट्टी सोडली तर घोट्यावर मोठा फोड. दोन दिवसांत पाय लालबुंद झाला, थंडी वाजून ताप भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. हिंमतराव खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. मी डबा घेऊन गेले तर मला म्हणाले, "मी तिला भाजलं हो." ताईंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "अहो, उबेत झोपवलंत. भाजलं पिशवीनं."

घरी आल्यावर मात्र ताईंनी रात्रीच्या पट्ट्या बांधणंच सोडून दिलं. थंडी सरेपर्यंत राहू दे, म्हणाल्या. थंडी सरली तेव्हा पाय असा जड झाला होता, की दिवसाचा मोजाही चढेना. गुडघा वाकेना. त्यांनी मैदानाची रजा घेतली, आणि आमच्या जिन्यातला तो आवाज बंद पडला. मला त्या शांततेची भीती वाटली.

त्यांना पुन्हा उभं केलं निरुपमानं. ही त्यांची फिजिओथेरपिस्ट, वयाने लहान, पण बोलायला रोखठोक. रोजच्या मालिशीने आणि पट्ट्यांनी तिने काही आठवड्यांत पाय बराच उतरवला. पण पुढच्या हिवाळ्याचं काय, असं ताईंनी विचारलं तेव्हा ती हसली.

"ताई, त्या पायाला शेक द्यायचाच नाही. उष्णतेने सूज वाढते. पण थंडी काय एकट्या पायाला वाजते? बाकीच्या तुम्ही आहातच की! ऊब तिकडे द्या. कान झाका, छाती-पोट झाका, दुसऱ्या पायात लोकरीचा मोजा घाला. आणि पट्टी बांधली की झोपण्याआधी घोटा वर-खाली हलवा, खोल श्वास घ्या. पट्टीत स्नायू हलले की पाय आतून ऊब धरतो, पाणीही वर सरकतं."

हिंमतराव कोपऱ्यात उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "वरून एखादी खोळ घातली तर? सैल?"

"सैल असेल, हवा जाईल अशी असेल, आणि कुठेही आवळणार नसेल तर जरूर घाला."

पहिली खोळ त्यांनी सीट-कव्हरच्या फोमची शिवली. ताईंचा पाय त्यात घामाने भिजला आणि तासाभराने गार पडला. "यात गाडी बसवा, मला नको," त्या म्हणाल्या. दुसरीला आतून मऊ फ्लॅनेल आणि बाहेरून जुनी शाल लावली. इलास्टिक नाही, नाडी नाही. एका बाजूने पूर्ण उघडणारी, वेल्क्रोनं अलगद मिटणारी. बोटांसाठी पुढे ऐसपैस जागा. ती जमली. मग त्यांनी दोन लांबट लोड शिवले आणि पायाच्या दोन्ही अंगांना ठेवले, म्हणजे रजईची कड त्यांच्यावर टेकायची, बाजूने वारा शिरायचा नाही आणि बोटांवर भारही यायचा नाही. जड रजई माळ्यावर गेली, हलकी आली. पट्ट्यांचे दोन जोड केले. एक वापरात, एक दुपारच्या वाऱ्याला गच्चीत.

गरम पाण्याची पिशवी मात्र ताईंनीच परत काढली. हिंमतराव तिच्याकडे बघतही नव्हते. ताई म्हणाल्या, "तिचा काय दोष? तिला तिचं काम देऊ." जेवणं झाली की पिशवी अंथरुणात ठेवायची. तेवढ्यात पलंगाच्या कडेला बसून पट्ट्या बांधायच्या. मग पिशवी काढून घ्यायची आणि त्या तापलेल्या गादीवर आडवं व्हायचं. "पिशवी बाहेर, मग बाई आत," असा नियमच हिंमतरावांनी केला आणि तो एकदाही मोडू दिला नाही.

दिवाळीनंतर ताई मैदानावर परतल्या, आणि डिसेंबरात हिसारहून एका स्पर्धेचं निमंत्रण आलं. जानेवारीत, हरियाणाच्या थंडीत! संघाबरोबर बाई कुणीतरी जायला हवी होती.

"दुसरं कोणी जाईल," हिंमतराव म्हणाले.

"माझ्या मुली आहेत."

"तिथे पाण्याचा बर्फ होतो."

"मग खोळ दुहेरी शिवा," ताई म्हणाल्या. त्यांनी शिवली.

हिसारला मुलींबरोबर एका मोठ्या खोलीत लोखंडी खाटा मिळाल्या. ताईंनी ठरवलं होतं, बाथरूममध्ये गुपचूप पट्ट्या बांधून यायचं. पण तिथली फरशी ओली, बसायला जागा नाही, आणि हातातली पट्टी निसटून थेट पाण्यात. त्या ओली पट्टी घेऊन खोलीत परत आल्या. सगळ्या मुली बघत होत्या. ताई खाटेवर बसल्या, पँट गुडघ्यावर सरकवली आणि पाय पुढे केला.

"हा माझा पाय. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर असा झाला. रोज बांधावा लागतो. आता बघितलात, आता झोपा."

कोणी झोपलं नाही. संघाची कॅप्टन मैथिली जवळ आली. "मॅडम, दुखतो?"

"दुखत नाही. जड होतो. आणि गार पडतो."

मागून एक गुजराती मुलगी रडवेल्या रागाने म्हणाली, "तो अमने केम न कह्युं?" आम्हाला का नाही सांगितलंत?

हे सगळं ताईंनी मला परत आल्यावर सांगितलं. म्हणाल्या, "अगं, मला वाटत होतं, पाय बघून त्या माझं ऐकणं सोडतील. त्या तर कामालाच लागल्या."

मैथिलीने ताईंच्या सामानातून पट्ट्यांचा कोरडा जोड शोधून काढला. एकीने स्वयंपाकघरातून रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणलं. गादी तापवायला, पायाला नाही, हे ताईंनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दोघींनी ताईंची खिडकीजवळची खाट उचलून मधोमध आणली आणि आपल्या खाटा तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. हिंमतरावांनी शिवलेले लोड ट्रेनमध्ये जागा नाही म्हणून घरीच राहिले होते, तर मुलींनी आपले स्वेटर गुंडाळून तसे लोड केले. मग ताई घोटा हलवायला लागल्या तशा सगळ्या जणी आपापल्या रजईत पाय हलवायला लागल्या, आणि खोलीभर खाटांची कुरकुर आणि हसणं.

बाहेर धुकं इतकं, की सकाळी मैदानाचे खांब दिसत नव्हते. ताई रात्रभर उबेत झोपल्या होत्या. उपांत्य सामना एका गुणाने गेला, तिसऱ्या स्थानासाठीचा मात्र मुलींनी जिंकला. मैथिलीने शेवटच्या मिनिटाला खांबाजवळ असा वळसा घेतला, म्हणे, की समोरच्या पंजाब संघाचे प्रशिक्षकही उठून उभे राहिले.

परत आल्यावर निरुपमाने टेप लावून पाय मोजला. सूज वाढली नव्हती. पोटरी उलट थोडी उतरलीच होती. तिने विचारलं, "ही दुहेरी खोळ कोणी शिवली? माझ्या अजून काही पेशंटना हवी आहे." आता दांडिया बाजारातल्या दुकानात सीट-कव्हरांच्या शेजारी एका खुंटीवर खोळी टांगलेल्या असतात. पायाच्या वेगळ्या, हात सुजणाऱ्यांसाठी हाताच्या वेगळ्या. हिंमतराव माप घेतात आणि प्रत्येकाला आधी बजावतात: शेक द्यायचा नाही, आवळायचं नाही.

पाय कायमचा बरा झालेला नाही. ताईंना रोज मोजा चढवावा लागतो, रोज पट्टी बांधावी लागते, कधी कंटाळा येतो, कधी चिडचिड होते. पण ट्रॅक पँटमध्ये पाय लपवणं त्यांनी सोडलं आहे. आखूड पँट आणि मोजा घालून त्या मैदानात उभ्या राहतात.

गेल्या आठवड्यात त्या जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "पाण्याचा दाब या पायाला चांगला असतो, निरुपमा सांगत होती. मी पोहायला शिकणार आहे. लहानपणी कोणी शिकवलंच नाही. बायकांची बॅच सकाळची आहे. तू येतेस?"

"या वयात?" मी म्हटलं.

"माझ्या वयात," त्या म्हणाल्या. "तू तर माझ्याहून लहान आहेस."

सोमवारपासून आम्ही जाणार आहोत. मला पाण्याची भीती वाटते. त्यांनाही वाटते, असं त्या म्हणाल्या.