साडूंच्या उघड्या खिडक्या

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट संपवलेली नाही. चहा नाही, भांडण नाही, आणि वाक्य तर नाहीच नाही. हे मी रागाने लिहितो आहे, आणि राग आहे तोवर लिहून झालं तर बरं, कारण या माणसावरचा राग मला फार वेळ धरवत नाही. त्याचाही मला रागच येतो.

नात्याने साडू आणि नोकरीत वरिष्ठ, असा दुहेरी ताप मी वर्षानुवर्षं काढला. आम्ही दोघं कंपनीचा सर्व्हर सांभाळायचो. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे आणि सर्व्हर ते पाळतो की नाही बघत बसायचं. तिथे एक प्रोग्राम असतो. त्यात एकाच पडद्यावर हव्या तितक्या खिडक्या उघडता येतात, आणि आपण आपला संगणक बंद करून घरी गेलो तरी त्या तिकडे सर्व्हरवर चालूच राहतात. दुसऱ्या दिवशी परत जोडलं की कालचं काम जिथल्या तिथे. शहाण्या माणसाने सोय म्हणून वापरावी अशी ही गोष्ट; साडूंनी तिचा स्वभाव करून घेतला. त्यांच्या खिडक्या इतक्या, की खालच्या पट्टीत नावं मावत नसत. नावं तरी कशी? 'लहान सासरे', 'डोकेदुखी', आणि सारखी अडकणारी एक चक्क माझ्या नावाची! "भाऊजी, एखादी तरी बंद करा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "राहू दे ना गा, चालू आहे."

घरीही तीच तऱ्हा. उकळून काळा झालेला चहा ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गॅसवरून उतरवला की हे बाथरूममधून ओरडणार, "काहून बंद केला वं? चालू होता ना!" एकदा जरीपटका भागातल्या एका लग्नात ते मला आपली स्कूटर बंद पडल्याची हकीकत सांगत होते. "आणि तो मेकॅनिक मले म्हणते की—" इतकं बोलून ते उठले आणि ताट घ्यायला जे गेले, ते गेलेच. कित्येक महिन्यांनी प्रताप नगरच्या बाजारात मी मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करत असताना मागून खांद्यावर हात पडला. "की क्लचची वायरच नाही गा याच्यात!" ना नमस्कार, ना कसा आहेस. कोण, कुठली वायर, मला काही कळेना. मी भडकलो तर म्हणाले, "तूच तर विचारून राहिला होता."

त्याहून मोठा छळ म्हणजे, त्या प्रोग्राममध्ये दोन माणसं एकाच खिडकीला जोडली जाऊ शकतात. दोघांचे कीबोर्ड वेगळे, कर्सर एकच. मी ऑफिसात मन लावून काहीतरी टाइप करावं आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं आपोआप पुसली जावीत! पहिल्यांदा मी घाबरून खुर्ची मागे सारली होती. मग हुडकेश्वरच्या घरून, तोंडात घास ठेवून, साडूंचा फोन. "त्या फाईलले हात काहून लावून राहिला गा?"

या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. त्याच सुमारास जुना सर्व्हर कायमचा बंद करायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. "साहेबाले नाही म्हणून सांग," ते म्हणाले. मी म्हणालो, माझ्या नाही म्हणण्याने काय होणार आहे? शब्दाला शब्द लागला. शेवटी लिफ्टमध्ये उभं राहून ते लाल चेहऱ्याने म्हणाले, "बंदच करायचा असन ना साडूभाऊ, तर मंग तू—" आणि लिफ्टचं दार मिटलं.

त्यानंतर फोन नाही. मी आणि बायको त्यांच्या घरी गेलो तर हे गच्चीवर झाडांना पाणी घालत बसले. ते वाक्य मी मनात शंभर तऱ्हांनी पुरं केलं. तर मंग तू माझ्या दारात येऊ नको. तर मंग तू माझा कोणी नाही. दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाई. अरे, अपमान करायचा तर धड पुरा तरी करा!

काल सर्व्हर बंद करायचा दिवस होता. साडूंचं लॉगिन नियमाने निवृत्तीच्या दिवशीच काढायचं. मी ते मुद्दाम राहू दिलं होतं. त्यांच्या खिडक्या मी एकेक करून रागारागाने बंद केल्या. शेवटी माझ्या नावाची उरली. तिच्यात हात घालणार, तोच कर्सर आपोआप हलला. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटू लागलं.

"तूच कर. दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नको."

मग त्याखाली खिडकी बंद करायचा हुकूम टाइप झाला आणि कर्सर थांबला. एंटर त्यांनी दाबलं नाही. ते माझ्यासाठी ठेवलं.

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने भांडणातलं वाक्य पुरं केलं होतं, आणि माझं बोट उचलेना.

संध्याकाळी साहेब दारातून डोकावले. "झालं का बंद?"

"नाही," मी म्हणालो, "चालू आहे."