तिसरा सायलेन्सर

मधू गेला त्याला आता सहा आठवडे होतील. बातमी वहिनींनीच दिली, सकाळी, मी दाढी करत असताना. मधूच्या घरून सकाळचा फोन म्हणजे मधूचाच, आणि विषय त्याची मोटारसायकल, हे गणित गेली कित्येक वर्षं पक्कं बसलेलं. त्यामुळे फोन उचलताच मी म्हणालो, "बोल, आज काय सुटलं?" पलीकडे शालूवहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले. झोपेतच..." एवढंच म्हणाल्या. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी किती वेळ बसलो होतो, आठवत नाही. ठाण्याहून डोंबिवलीला पोचलो तेव्हा इमारतीखाली माणसं जमलेली, आणि मधूची मोटारसायकल नेहमीच्या जागी, खांबाशेजारी उभी. शेजाऱ्यांनी तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. अशा वेळी हसू येऊ नये, पण मला आलं. कारण चादर घालणाऱ्यांमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी सावंत होते, आणि एके काळी ह्याच सावंतांनी ती गाडी आवारातून हाकलायची नोटीस काढली होती. मधूला रडका लेख आवडला नसता. म्हणून त्या नोटिशीची आणि सायलेन्सरची गोष्टच सांगतो.

आम्ही दोघं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं एकत्र होतो. पत्र्याचे भाग ठोकून काढणारे मोठाले प्रेस होते तिथे, दिवसभर धडाधड चाललेले. मधू मेन्टेनन्सला, मी इन्स्पेक्शनला. मी मापाचा माणूस. खिशात पेन नसलं तरी चालेल, व्हर्नियर हवा. मधू कानाचा माणूस. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मशीनला टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ह्या बेअरिंगचे आठ दिवस राहिलेत." आठव्या नाही तर नवव्या दिवशी ते बेअरिंग जायचंच. साहेब लोक माझे रिपोर्ट फायलीत लावायचे आणि विचारायचे मधूला. मला ह्याचा राग यायचा, कबूल करतो. तीस कागद भरून मी जे सिद्ध करणार, ते हा कान लावून दोन मिनिटांत सांगून मोकळा.

निवृत्त झाल्यावर लोक अष्टविनायकाला जातात. मधू विठ्ठलवाडीच्या एका भंगारवाल्याकडे गेला आणि टेम्पोत घालून एक मोटारसायकल घेऊन आला. डोंगरात, चिखलात उडवण्यासाठी बनवलेली जुनी परदेशी टू-स्ट्रोक गाडी. उंच, सडपातळ, काटेरी टायरांची, आमच्या नोकरीपेक्षा वयाने मोठी. इंजिन जाम, सीट उंदरांनी खाल्लेली आणि सायलेन्सर गायब. कागदपत्रं मात्र चोख. वहिनींनी गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाल्या, आणलीत ती आणलीत, आता हिला जेवायला काय लागतं तेही सांगून ठेवा. दोन वर्षं मधू तिच्यामागे होता. पिस्टन मिळाला, क्लचच्या प्लेटा मिळाल्या, सीट त्याने घरीच शिवली, तीही वहिनींच्या शिलाई मशीनवर, त्यांची सुई मोडून. मूळ कंपनीचा सायलेन्सर मात्र कुठेच मिळेना. तेव्हा दुसऱ्या कोणी बनवलेला, पण आपल्या गाडीला चालेल असा निवडायचं ठरलं. हे काम सोपं नसतं. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनातून निघणारा पोटफुग्या पाईप ताकद देतो आणि त्याच्या शेपटाला लावलेला सायलेन्सर आवाज खातो. सायलेन्सरचं भोक लहान पडलं तर इंजिन गुदमरतं, पिस्टन तापतो. मोठं पडलं तर आवाज मोकाट सुटतो.

पहिला सायलेन्सर आम्ही ठाण्यातल्या एका दुकानातून आणला. अॅल्युमिनियमचा, चकचकीत, जेमतेम हातभर. भोक मी मोजून घेतलं, अगदी बरोबर होतं. डोंबिवलीला येऊन बसवला, मधूने किक मारली, गाडी चालू झाली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणाला, "बघ, किती गरीब आवाज आहे." मलाही तसंच वाटलं. मी आवाज मोजायचं अॅप फोनवर घेतलं होतं. त्यात काटा थेट लाल पट्ट्यात गेला. मी फोन हलवला, पुसला, परत धरला. काटा लालमध्येच. आणि मग आयुष्यभर मापावर विश्वास ठेवलेल्या मी काय केलं असेल? हे फुकटचं अॅप, बिघडलेलं असणार, असं म्हणून ते काढून टाकलं. मधूने ह्यावरून मला पुढे इतकी वर्षं छळलं की विचारू नका.

पंधरा दिवसांत नोटीस लागली. आवाज एका महिन्यात बंद करा, नाहीतर गाडी आवाराबाहेर न्या. मधूला वाटलं, हा सरळसरळ डाव आहे. पार्किंगच्या जागेवर कोणाचा तरी डोळा आहे, दुसरं काय? मीही त्याच्या बाजूने मीटिंगला जाऊन भांडलो, सभासद नसताना. सावंत हात जोडून म्हणाले, "अहो काका, माझ्या आईच्या कानात दुखतं हो." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे बघा, हे लोक आता म्हाताऱ्या आईलाही मध्ये आणायला लागले. गाडी बाहेर न्यायची तर ठेवायची कुठे? रस्त्यावर एक पावसाळा काढला असता तर तिचं पुन्हा भंगार झालं असतं. मधू त्या महिन्यात नीट जेवला नाही. गाडी गेली तर तो काय करणार, हा प्रश्न वहिनींनी मला एकदा हळूच विचारला होता.

घाईघाईत दुसरा सायलेन्सर आणला, आतमध्ये जाळ्यांचे पडदे असलेला, स्कूटरच्या जातीचा. मी भोक मोजलं आणि नको म्हणालो. मधू ऐकेना. गाडी घेऊन निघालो, तो पुढे, मी मागे माझ्या स्कूटरवर. आंबिवलीच्या पुढे एक टेकाड आहे, गवत आणि मुरूम. त्यावर ती गाडी अर्ध्यापर्यंत चढली, खोकली, धूर सोडला आणि मधूसकट हळूच आडवी झाली. मी धावत गेलो. साठी ओलांडलेला हा माणूस चिखलात पाठीवर पडून हसत होता. "दमेकरी झाली रे," म्हणाला. दमेकरीला दोरीने स्कूटरला बांधून ओढत खाली आणलं. नोटिशीचे बारा दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघात कानतपासणीचं शिबिर होतं. वहिनींनी आम्हाला न विचारता दोघांची नावं घातली. मधू कुरकुरत आला, माझ्या कानांना काय धाड भरलीय म्हणून. मी सोबत म्हणून बसलो. तपासणारी मुलगी हुशार होती. आमचे दोन आलेख तिने टेबलावर शेजारी ठेवले आणि विचारलं, "काका, तुम्ही दोघं एकाच ठिकाणी नोकरीला होतात का?" दोन्ही रेषा सुरुवातीला बऱ्यापैकी वर, आणि मग एकाच जागी कडा तुटावा तशा खाली. जाड, खालचे आवाज आम्हाला नीट येत होते. बारीक, वरचे आवाज जवळपास गेलेले. प्रेसशेजारी एकोणतीस वर्षं, कानात कापसाचा बोळा घालायला लाज वाटायची म्हणून... मधूला तर बोळा परवडणारच नव्हता, कान हीच त्याची हत्यारपेटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परत येऊन घरात शिरल्यावर चप्पलही न काढता मधूने विचारलं, "शालू, गाडीचा तो पहिला आवाज तुला कसा यायचा?"

"कानात सुई घातल्यासारखा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा म्हणालात, तुला मशीनमधलं काय कळतं."

मधू खुर्चीत बसला. मला वाटलं, आता हा खचणार. ज्या गोष्टीवर माणूस उभं आयुष्य उभा राहिला तीच काढून घेतली तर दुसरं काय होणार? पण थोड्या वेळाने तो उठला, आत गेला आणि सावंतांच्या आईला माफीची चिठ्ठी लिहून घेऊन आला. ती मला वाचून दाखवली. माझीही सही घेतली, अॅप बिघडलेलं आहे असं म्हटल्याबद्दल. मग म्हणाला, "आता सायलेन्सर शालू निवडणार." मधूला मी आयुष्यभर ज्या गोष्टींसाठी मानलं त्यात कान दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरवर ही चिठ्ठी आहे.

पुढच्या रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. दोन सायलेन्सर आणले होते. तिसरा लांबोडका, जाड अंगाचा, आत काचेची लोकर ठासून भरलेला. चौथा त्याहून लांब, दुहेरी लोकरीचा. भोक दोन्हींचं सारखं, मी स्वतः तीनदा मोजलं. वहिनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, हातात नॅपकिन. पसंत पडला तर हलवायचा. शेजारी सावंत, त्यांच्यासाठी पोहे. मधूच म्हणाला, मुलगी बघायचा कार्यक्रम आहे, पोहे पाहिजेतच. तिसरा बसवला, किक मारली. डब डब डब डब, खाली बसलेला, गोल आवाज. सुई पार गेली होती असं नंतर सगळ्यांनी सांगितलं, आम्हाला ती कधी टोचलीच नव्हती. मग चौथा बसवला. मी ह्या वेळी नवं, विकतचं अॅप घेतलं होतं आणि नजर आकड्यावर ठेवून होतो. आकडा आणखी खाली आला. सावंत वरून म्हणाले, हाच ठेवा. तेवढ्यात वहिनी एकदम ठामपणे म्हणाल्या, "नको. ह्याने पिस्टन तापतो. तिसराच." आणि नॅपकिन हलवला. मी तोंड उघडलं होतं. भोक सारखं असताना पिस्टन तापायचं काही कारणच नव्हतं. पण बिचाऱ्या इतकी वर्षं आमचं ऐकत आल्या, काहीतरी उलटसुलट डोक्यात राहिलं असेल, आज त्यांचा मान आहे, असं म्हणून मी गप्प बसलो. सावंतांनी पोहे संपवले आणि तिसऱ्याला हरकत नसल्याचं लिहून दिलं.

नंतरची वर्षं मजेत गेली. मधूने कानाचं मशीन घेतलं, आठवडाभर लावायचा आणि रविवारी सकाळी डबीत काढून ठेवायचा. म्हणायचा, माझ्या गाडीला मशीनची गरज नाही, ती माझ्याशी थेट बोलते. सावंतांच्या आईंनी त्याला एकदा गॅलरीतून हाक मारून सांगितलं होतं की, तुमची गाडी गेली की मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते. हे त्याने मला किमान दहा वेळा सांगितलं असेल. टेकाड तो चढला, पडला, परत चढला. मी स्कूटर खाली लावून व्हर्नियरवाल्या माणसाला शोभेल अशा सुरक्षित अंतरावरून सूचना करत असे. एवढं हसणं मी नोकरीत असताना कधी हसलो नव्हतो, आणि आता कोणाबरोबर हसणार आहे, ठाऊक नाही.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, गाडी फार दिवस उभी राहिली, इंजिन परत जाम होईल, तुम्ही चालू करून द्या. चहा घेताना मी सहज तो पिस्टनचा विषय काढला. भोक सारखंच होतं हो वहिनी, म्हटलं, चौथ्याने काही तापलं नसतं. मधूला मी हे कधी बोललो नाही, पण तुमची थोडी चूक झाली होती.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाल्या. "सावंतांचं बरोबर होतं. चौथाच जास्त शांत होता."

"मग?"

"मी आवाज ऐकतच नव्हते, भाऊजी. पहिल्या मजल्यावरून ह्यांचा चेहरा स्वच्छ दिसतो. तिसरा लावला तेव्हा हे हसले. चौथा लावला, गाडी चालू झाली, तर हे टाकीवर हात ठेवून बघत होते... चालू आहे का बंद."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मला हे दिसलं नव्हतं, कारण मी आकडा बघत होतो. कप ठेवला आणि खाली गेलो. चादर काढली, पेट्रोलचा कॉक उघडला. मला किक मारता येत नाही, गुडघे कुरकुरतात. सहाव्या वेळी ती लागली. डब डब डब डब... माझे कान तसेच आहेत, मधूच्या आलेखाचेच, आणि मला प्रत्येक ठोका ऐकू येत होता. मी वर बघितलं. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या, कठड्यावर दोन्ही हात टेकून. माझ्याकडे बघत नव्हत्या. डोळे मिटून, ह्या वेळी ऐकत होत्या.