फिटरकाकांचा नकाशा

इस्पितळातल्या फिटरकाकांना निवृत्त व्हायला चार दिवस उरले होते आणि इमारतीतल्या पाइपांच्या नकाशाचा अजून पत्ता नव्हता. कोणता व्हॉल्व्ह कुठलं पाणी बंद करतो, हे एकतीस वर्षं फक्त काकांच्या डोक्यात होतं. सोमवारपासून त्यांच्या जागी येणारी मुलगी एकटीच असणार होती.

काका हातावर हात ठेवून बसले होते असं नाही. लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, आकृत्या काढायची फुकट सॉफ्टवेअर त्यावर ढिगाने मिळत होती, आणि काका तीन आठवडे त्यांतलं एक निवडत होते. पहिल्यात नुसते चौकोन आणि रेघा. दुसरं चित्रकारांचं, त्यात पाइप काढायला जावं तर वेलबुट्टी व्हायची. तिसऱ्यात व्हॉल्व्हची चित्रं तयार होती, पण त्यांची मूठ गोल, काकांच्या नऊ नंबरच्या व्हॉल्व्हची लांब. तेही बाद! सून बघायला निघालेल्या सासूनेही इतकी नाकं मुरडली नसती, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. तरी रोज आणखी एक उतरवून घेत.

"बाबा, नकाशा काढायचाय की स्वयंवर मांडायचंय?" लेक म्हणाली.

"घाईत केलेलं काम गळतं गं."

नकाशा झाला की आपल्याला कोण विचारणार, हे मात्र ते बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी नवी फिटर घरी आली. "काका, ऑपरेशनच्या खोलीत पाइप फुटला तर काय बंद करू?"

काकांनी तोंडी सांगितलं. तिने दोनदा म्हणून दाखवलं, दोन्ही वेळा चुकली. "आत टेबलावर माणूस असेल हो," ती हळूच म्हणाली.

काका खुर्चीत बसले आणि चौकोनवालंच उघडलं.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस चौकोन झाले. एक चौकोन सरकवला की त्याला जोडलेल्या रेघाही मागोमाग येत. जागा करायला काकांनी सतरा नंबर सरकवला. तो एकटाच गेला.

काकांनी डोकं खाजवलं. आधीच्या फिटरने सांगितलं होतं, "पहिला सतरा फिरवायचा." काका एकतीस वर्षं गंभीर चेहऱ्याने तो फिरवत आले होते. त्यातून पाणी कुठे जातं?

शुक्रवारी इस्पितळात नव्या फिटरने बॅटरी घेऊन भिंतीमागे डोकं घातलं. "काका, इथे पाइपच नाही! वीतभर तुकडा आहे, पुढे बूच."

"नीट बघ."

"बघितलं. कोळ्याने जाळं केलंय." ती हसू दाबत बाहेर आली. "नकाशातून सतरा पुसायचा ना?"

"पुसू नकोस. लिही, कशालाच जोडलेला नाही." काका थांबले. "आणि खाली लिही, फिटर विचारायला लाजला."

तिने पहिलं लिहिलं, दुसरं नाही. नकाशाच्या छापील कागदाची घडी करून खिशात टाकली.

"ऑपरेशनची खोली?" काकांनी विचारलं.

"आठ. जिन्याखाली, डाव्या हाताला."

"किती फेरे?"

"पाच," ती खिशाला हात न लावता म्हणाली.